मोजणाऱ्याचे मोजमाप : पातूरचा पाऊस, काळी माती आणि खडकवासल्याच्या प्रतिकृती

प्रतिनिधी

पातूर : अकोल्याहून वाशीमकडे निघाले की सपाट काळ्या रानाचा प्रदेश मागे पडतो आणि पातूर येते. येथून पुढे घाट सुरू होतो. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यात पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही, हे येथील शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. आलेगावकडे ओढे दुथडी भरून वाहत असताना सस्ती-चान्नीकडे ऊन पडलेले असते. सरकारी दप्तरात मात्र पाऊस महसूल मंडळनिहाय नोंदविला जातो, आणि त्या मंडळाचा आकडा येतो तो एखाद्या खांबावर बसविलेल्या वीतभर तोंडाच्या यंत्रातून.

या आकड्याला किंमत आहे. राज्यात अतिवृष्टीच्या मदतीचा विचार करताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस, ही सर्वसाधारण कसोटी धरली जाते. त्यानंतर पंचनामे आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसानीची अट. हवामान विभागाच्या वर्गवारीतही ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला 'जोरदार' म्हणतात. यंत्राने ६४ दाखविले काय आणि ६६ दाखविले काय, शेतात उभ्या असलेल्या माणसाला तो फरक दिसणारही नाही. कागदावर मात्र त्या दोन मिलिमीटरांच्या अलीकडे एक मंडळ राहते आणि पलीकडे दुसरे.

म्हणूनच 'पाऊस किती पडला' या प्रश्नाआधी 'मोजणारे यंत्र किती खरे बोलते' हा प्रश्न यायला हवा. अभियांत्रिकी संशोधनात या तपासणीला कॅलिब्रेशन म्हणतात, मराठीत अंशशोधन. व्याख्या साधी आहे. उपकरण जो आकडा दाखविते तो अधिक खात्रीच्या मापाशी ताडून पाहायचा आणि दोहोंत किती अंतर पडते, ते कोणत्या परिस्थितीत पडते, हे लिहून ठेवायचे. यंत्राचा स्क्रू फिरवून ते 'बरोबर करणे' ही वेगळी गोष्ट. पुष्कळदा यंत्राला हात न लावता केवळ दुरुस्तीचा तक्ता तयार केला जातो, आणि तेही पूर्ण अंशशोधनच असते. ज्या मापाशी ताडले त्याचेही अंशशोधन कोठेतरी झालेले असावे लागते. अशी ही साखळी चढत चढत शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणांपर्यंत पोहोचते.

बाजारात धान्य विकताना तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे शेतकरी पाहतो. ज्या यंत्राच्या नोंदीवर त्याच्या हंगामाची मदत अवलंबून असते, त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली असे विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही.

नरसाळ्याखालची वाटी

पर्जन्यमापनाचा जुना, साधा प्रकार अजूनही अनेक ठिकाणी दिसतो. वर नरसाळे, खाली बाटली आणि सोबत आखणी केलेले काचेचे मापपात्र. भारतात पूर्वी सायमन्स पद्धतीचे पाच इंच तोंडाचे पर्जन्यमापक होते. पुढे १०० आणि २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचे फायबरग्लासचे मापक आले. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, आजूबाजूची झाडे-भिंती त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. या मापकात बिघडण्यासारखे फारसे काही नसते, पण चुकण्यासारखे असते. २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकासाठी आखलेले मापपात्र १०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाला वापरले, तर ६० मिलिमीटरचा पाऊस ३० भरतो. यंत्र शाबूत, मापपात्र शाबूत, वाचणाराही प्रामाणिक आणि आकडा निम्मा.

स्वयंचलित केंद्रांचे तसे नाही. राज्याने २०१७ मध्ये 'महावेध' प्रकल्प हाती घेऊन २,०६५ महसूल मंडळांत अशी केंद्रे उभारण्याचे काम खासगी सहभागाने सुरू केले. त्यानंतर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'विंड्स' ही योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे उद्दिष्ट आहे. यंत्रांची संख्या वाढणे चांगलेच. पण जितकी यंत्रे अधिक, तितकी त्यांच्या तपासणीची जबाबदारीही अधिक.

अशा केंद्रांत बहुधा 'टिपिंग बकेट' जातीचा सेन्सर असतो. नरसाळ्याखाली तराजूच्या दांडीसारखी डोलणारी, दोन खणांची छोटी वाटी. एक खण भरला की वाटी कलंडते, पाणी सांडते, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो आणि एक विद्युत ठोका नोंदला जातो. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर धरले तर खण चार मिलिलिटरला कलंडला पाहिजे. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ ठोके, आणि सारे मिळून १ लिटर ३०० मिलिलिटर पाणी. अतिवृष्टीची सीमा या यंत्रापुरती एवढ्याशा पाण्यात मावते.

आता या वाटीची खोड पाहू. वाटी कलंडत असते तो क्षण अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा. तेवढ्या वेळात वरून पाणी पडतच राहते आणि वाटी मधली रेषा ओलांडेपर्यंत ते आधीच भरलेल्या खणात जाऊन वाया जाते. रिमझिम पावसात याचा उपद्रव नाही. ताशी २० मिलिमीटर पाऊस असेल तर दोन ठोक्यांमध्ये ३६ सेकंद असतात, त्यातले ०.३ सेकंद गेले तरी चूक एक टक्क्याहून कमी. पण मृगाच्या वा परतीच्या पावसातली एखादी झोड ताशी १२० मिलिमीटरने आली तर ठोका सहा सेकंदांवर येतो. सहातले ०.३ म्हणजे पाच टक्के. हिशेबासाठी असे धरू की ३४ मिनिटे याच जोराने पाऊस झाला आणि प्रत्यक्षात ६८ मिलिमीटर पडला. यंत्र सुमारे ६४.८ दाखवील. मंडळ अतिवृष्टीच्या यादीबाहेर!

हे उदाहरण कागदावरचे आहे, कोणत्याही एका केंद्राचे नव्हे. मात्र दोष काल्पनिक नाही. जागतिक हवामान संघटनेने २००४-०५ मध्ये नेदरलँड्स, फ्रान्स आणि इटलीतील प्रयोगशाळांत पर्जन्यतीव्रता मोजणाऱ्या यंत्रांची तुलनात्मक तपासणी केली आणि पुढे २००७ ते २००९ या काळात रोमजवळच्या विग्ना दि व्हाले येथे ती उघड्या मैदानात केली. टिपिंग बकेट यंत्रांची नोंद पावसाच्या जोराप्रमाणे दुरुस्त करून घेतल्याशिवाय भरवशाची राहत नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

दुरुस्ती अवघड नाही. यंत्राची तपासणी एकाच जोराने न करता अनेक जोरांनी करायची. मोजलेले पाणी बारीक नळीतून ठरावीक वेगाने सोडायचे, ठोके मोजायचे. मग वेग वाढवायचा आणि पुन्हा मोजायचे. १,३०० मिलिलिटर पाणी तीन तासांत सोडले तर ठोके ३२५ च्या अगदी जवळ येतील. तेच पाणी ३३ मिनिटांत सोडले तर ३१० च्या आसपास थांबतील. पाणी तेच, आकडे दोन. अनेक उत्पादक वाटीखालचे स्क्रू मधल्या जोराच्या पावसाला बरोबर जुळवून ठेवतात. त्यामुळे रिमझिमीत यंत्र किंचित जास्त आणि झोडीत कमी सांगते. वर्षाची बेरीज छान जुळते आणि नेमका संकटाचा दिवस चुकतो. केवळ वार्षिक सरासरी तपासून 'यंत्र ठीक आहे' असा शेरा मारणाऱ्यांच्या ही गोष्ट लक्षात येत नाही.

याखेरीज नरसाळ्यात अडकलेली पाने, कोळ्याची जाळी, पक्ष्यांची विष्ठा, खांब कलल्यामुळे तिरपी झालेली वाटी आणि वारा. वाऱ्याने थेंब तोंडावरून पलीकडे जातात, म्हणून उंचावरचे मापक नेहमी थोडे कमी भरते. तुलनेसाठी प्रमाण मानले जाणारे मापक यासाठीच खड्ड्यात, कड जमिनीच्या पातळीला ठेवून बसवितात.

आपल्याकडे हवामान उपकरणांच्या तपासणीचे जुने केंद्र पुण्यात आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

काळ्या मातीपुढे कारखान्याचा तक्ता

पाऊस जमिनीवर आल्यानंतर त्याचे मोजमाप आणखी अवघड होते. ठिबकवरच्या संत्रा-लिंबाच्या बागांतून मातीतील ओलावा सांगणारे सेन्सर अलीकडे दिसू लागले आहेत. त्यांपैकी बहुतेक सेन्सर ओलावा थेट मोजतच नाहीत. मातीचा विद्युत गुणधर्म मोजतात आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतात. पाण्याचा हा गुणांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा तीन ते पाच आणि हवेचा एक. त्यामुळे पाणी वाढले की आकडा चढतो. टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या कॅनडातील संशोधकांनी १९८० मध्ये या संबंधाचे एक समीकरण दिले आणि ते जगभर वापरात आले.

वऱ्हाडच्या काळ्या मातीत मात्र या समीकरणाची कसोटी लागते. चिकणमातीचे प्रमाण फार, कणांना घट्ट चिकटलेले पाणी वेगळे वागते आणि क्षारांमुळे स्वस्त सेन्सरांचा आकडा भरकटतो. त्याहून मोठी अडचण भेगांची. उन्हाळ्यात ही जमीन हात जाईल एवढी भेगाळते. सेन्सरच्या पात्याशेजारी भेग पडली की ते माती सोडून हवा मोजू लागते आणि शेतात ओल असतानाही कोरडे दाखविते. पहिल्या पावसात उलटे होते. पाणी भेगेतून थेट खाली उतरते, पात्याभोवती साचते आणि आजूबाजूची माती कोरडी असताना सेन्सर 'भरपूर ओल' म्हणतो.

येथे खात्रीचे माप कोणते? उत्तर जुनेच आहे: वजनकाटा आणि भट्टी. सेन्सरजवळची माती काढून तोलायची, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायची, पुन्हा तोलायची. १२५ ग्रॅम ओली माती वाळून १०० ग्रॅम झाली तर वजनी ओलावा २५ टक्के. सेन्सर आकारमानाच्या प्रमाणात सांगतो, म्हणून त्याला मातीच्या घनतेने गुणावे लागते, घनता १.३ धरली तर ३२.५ टक्के. पण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिची घनता ओलाव्यागणिक बदलते. म्हणजे ताडून पाहण्याच्या मापालाच आणखी एक माप लागते. कोरड्यापासून चिखलापर्यंत निरनिराळ्या ओलाव्यावर नमुने घेऊन त्या शेताचा स्वतंत्र तक्ता केला, तरच सेन्सरचा उपयोग. मुरमाड माळावर केलेला तक्ता खालच्या काळ्या रानात चालत नाही, आणि पातूर तालुक्यात या दोन्ही जमिनी एकाच गावाच्या शिवारात सापडू शकतात. बाग वाळवायची की सडवायची, हे कधीकधी या तक्त्यावर ठरते.

नदी लहान करताना

पाऊस आणि मातीचे आकडे पुढे जातात ते धरणांच्या आणि पुराच्या गणितात. पातूर तालुक्यातील मोर्णा आणि निर्गुणा हे दोन्ही मध्यम प्रकल्प. तेथील पाणी अखेर पूर्णेला जाते. मोर्णा अकोला शहराच्या मधून वाहते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तिच्या पुराचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरले होते. नदीकाठी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरासाठी आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुरासाठी आखली जाते. ही रेषा कोणाच्या घराच्या अंगणातून जाते, यावर बांधकामाची परवानगी ठरते. एवढा मोठा पूर प्रत्यक्ष वाहताना पाहून रेषा आखता येत नाही. तो मॉडेलमध्ये वाहवावा लागतो.

अशा मॉडेलचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने घर म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९३६ मध्ये ते भारत सरकारकडे गेले. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'मेरी', ही १९५९ ची. खडकवासल्याला धरणांच्या सांडव्यांच्या, नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडले जाते.

लहान करण्याचे नियम कडक आहेत. प्रतिकृती पन्नासपट लहान असेल तर पाण्याचा वेग पन्नासाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ७.०७ पट कमी हवा. विसर्ग सुमारे १७,६७८ पट कमी. खऱ्या सांडव्यावरून सेकंदाला हजार घनमीटर पाणी जात असेल तर प्रतिकृतीत सेकंदाला सुमारे ५७ लिटर सोडायचे. निसर्गातला एक तास येथे साडेआठ मिनिटांत संपतो. आणि प्रतिकृतीत पाण्याची पातळी वाचताना एक मिलिमीटर चुकला तर धरणावर ती चूक पाच सेंटिमीटरची. त्यामुळे पातळी वाचणारी सुई, विसर्ग मोजणारा बांध, दाब घेणारे सेन्सर या सर्वांचे अंशशोधन आधी, प्रयोग नंतर.

मग प्रतिकृतीचे स्वतःचे. नदीचा तळ किती खरखरीत, हे नियमाने पूर्ण उतरत नाही. म्हणून मागच्या एखाद्या पुराच्या खुणा घेतात: पुलाच्या खांबावरची, देवळाच्या पायरीवरची. तोच पूर प्रतिकृतीत सोडतात आणि पाणी त्या खुणांशी येईपर्यंत तळावर गोटे वाढवितात किंवा काढतात. खुणा जुळल्या की काम संपले, असे पाहुण्याला वाटते. खरी परीक्षा तेथून पुढे. ज्या पुरावर जुळवणी केली तो सोडून दुसराच पूर घ्यायचा, गोट्यांना हात लावायचा नाही आणि पाणी खुणांशी येते का पाहायचे. संगणकावरच्या मॉडेललाही हाच नियम. काही वर्षांच्या नोंदींवर गुणांक जुळवायचे आणि बाजूला ठेवलेल्या वर्षांवर ते पारखायचे. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये या पारखीसाठी एक गुण सुचविला. तो एक असेल तर मॉडेल तंतोतंत. शून्य असेल तर मॉडेल चालविण्यापेक्षा सरासरी सांगून टाकलेली बरी. कोणताही अहवाल हातात आला की हा गुण जुळवणीच्या वर्षांचा आहे की पारखीच्या, हे आधी पाहावे.

नदीचा वेग मोजणाऱ्या प्रवाहमापीचीही अशीच तपासणी खडकवासल्याला होते, पण तेथे पाणी स्थिर ठेवून मापी ओढली जाते. लांबलचक हौदावरून गाडी ज्ञात वेगाने जाते, तिला टांगलेली मापी फिरते, आणि फेऱ्या व वेग यांचे त्या एका मापीपुरते समीकरण निघते. शेजारच्या मापीचे समीकरण तिला चालत नाही.

पाच टक्क्यांचे अकरा टक्के

हे सारे स्वतंत्र नाही. एकाची चूक दुसऱ्यात जाते आणि वाढते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच भागाच्या जुन्या सूत्रात आहे. क्लॉड इंग्लिस हे खडकवासल्याच्या संशोधनाला आकार देणारे अभियंते. त्यांनी आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या प्रवाहनोंदी तपासून पावसावरून अपवाह काढण्याची दोन सूत्रे दिली, एक घाटासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. पठाराचे सूत्र असे: पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून १७.८ वजा करा, आलेल्या संख्येला पुन्हा पावसाने गुणा आणि २५४ ने भागा.

८० सेंटिमीटर पाऊस धरला तर अपवाह १९.६ सेंटिमीटर येतो. आता पर्जन्यमापक पाच टक्के कमी दाखवितो असे समजू. पाऊस ७६ होतो आणि अपवाह १७.४. पावसातील पाच टक्क्यांची चूक धरणात येणाऱ्या पाण्याच्या अंदाजात अकरा टक्के झाली. कोणत्या पिकाला किती आवर्तने आणि गावाला किती पिण्याचे पाणी, याचा आराखडा या अंदाजावर उभा राहतो.

हे सूत्र पातूरला तसेच लावावे काय, हाही प्रश्नच आहे. १९२९ मध्ये वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांताला जोडलेला होता. मुंबई राज्यात तो १९५६ मध्ये आला. दुसऱ्या प्रदेशातील खोऱ्यांवरून काढलेले गुणांक मोर्णा-निर्गुणेच्या पाणलोटात वापरायचे तर आधी येथील विसर्गाच्या नोंदींशी ताडले पाहिजेत. भेगाळलेली काळी जमीन जूनमधला पहिला पाऊस गिळून टाकते आणि ऑगस्टमध्ये फुगून भेगा मिटल्यावर तेवढ्याच पावसात ओढे वाहविते. वर्षाच्या एका बेरजेवर चालणाऱ्या सूत्राला हा फरक कळत नाही.

तालुक्याच्या पातळीवर विचारण्याजोगे प्रश्न मोजकेच आहेत. केंद्राच्या पर्जन्यमापकाची तपासणी कोणत्या तारखेला झाली? किती जोराच्या पाण्यापर्यंत झाली? दुरुस्तीचा तक्ता आकड्याला लावलेला आहे की नाही? नोंदवही असेल तर उत्तर एका ओळीत मिळते.

स्वतःच्या समाधानासाठी शेतकऱ्याला वेगळा उपाय करता येतो. सरळ उभ्या भिंतीचे, सपाट बुडाचे भांडे मोकळ्या जागी समपातळीत ठेवावे आणि सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजून तारखेसह वहीत लिहावी. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असेल तर भांडे लहान की मोठे याने फरक पडत नाही. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. बादलीसारखे वर रुंद होत जाणारे भांडे मात्र चालणार नाही, ते जास्त सांगते. ही वही सरकारी नोंदीची जागा घेणार नाही. पण मंडळाच्या आकड्याशी ती चार-सहा पावसांत सतत एकाच बाजूने अडत असेल, तर केंद्राची तपासणी मागताना सोबत जोडायला तारखा आणि आकडे हाती असतील.